एकाच बॉयलरवर वरच्या आणि खालच्या मजल्याचं हीटिंग वेगळं करता येईल का?

इंग्लंडमधलं दुमजली घर, एकच थर्मोस्टॅट आणि तोही खाली. त्यामुळे दिवसभर रिकाम्या असलेल्या वरच्या बेडरूमही तापत राहतात, असं तुम्ही लिहिलंय. दोन झोन (वेगवेगळे तापवता येणारे भाग) करता येतात, पण व्हॉल्व्ह मागवण्याआधी पाइप कसे फिरलेत ते बघा. तळमजल्याची जमीन काँक्रीटची असेल तर बऱ्याचदा मुख्य पाइप वरच्या मजल्याच्या फळ्यांखालून जातो आणि खालच्या रेडिएटरचे फाटे त्यातूनच खाली उतरवलेले असतात. अशा घरात झोन पाडायचे म्हणजे फळ्या उचकटत बसणं. माझं मत विचाराल तर त्या फंदात पडू नका, स्मार्ट टीआरव्ही (प्रत्येक रेडिएटरवर बसणारे, तापमानानुसार आपोआप उघडमिट होणारे व्हॉल्व्ह) बसवा. फक्त बॉयलरलाही चालू-बंद करणारा रिसीव्हर असलेला संच घ्या. नाहीतर खालचा हॉल तापला की बॉयलर बंद आणि वर सगळे कुडकुडतायत.

फ्लो पाइप (बॉयलरमधून गरम पाणी नेणारा) बॉयलरजवळच वर-खाली असा फुटत असेल तर काम सोपं. दोन्ही फाट्यांवर एकेक टू-पोर्ट मोटराइज्ड व्हॉल्व्ह (मोटरने उघडमिट होणारा, पाइपच्या मापाचा, बहुतेक 22 मिमी), मजल्यागणिक एक प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट, एक वायरिंग सेंटर (सगळ्या वायरी जोडायचा डबा). सगळ्याला वीज 3 अँपिअरच्या एकाच फ्यूज्ड स्परवरून (फ्यूज असलेला वेगळा जोड).

खरी मेख वायरिंगमध्ये आहे. निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. थर्मोस्टॅटने तपकिरी वायरीला वीज दिली की मोटर फिरते. व्हॉल्व्ह उघडला की आतला मायक्रोस्विच करड्या वायरीतली कायमची वीज नारिंगीत सोडतो आणि नारिंगी बॉयलर चालू करते. दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी एकत्र जोडायच्या. पण अनेक कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या) बॉयलरचे थर्मोस्टॅट टर्मिनल व्होल्ट-फ्री (बाहेरची वीज न घेणारे) किंवा 24 व्होल्टचे असतात. तिथे 230 व्होल्टची नारिंगी थेट लावलीत तर पीसीबी (बॉयलरचा सर्किट बोर्ड) गेलाच म्हणून समजा. मध्ये रिले (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा विजेवरचा स्विच) हवा. पुढेमागे दोन्ही थर्मोस्टॅट बंद असूनही बॉयलर चालूच राहिला तर आधी संशय चिकटलेल्या मायक्रोस्विचवर घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये नुसता वरचा हेड बदलता येतो, पाणी काढावं लागत नाही.

दोन्ही व्हॉल्व्ह मिटल्यावरही पंप थोडा वेळ फिरतो. त्या पाण्याला वाट म्हणून व्हॉल्व्हच्या अलीकडे, फ्लो आणि रिटर्न (पाणी बॉयलरकडे परत आणणारा पाइप) यांच्यामध्ये ऑटोमॅटिक बायपास व्हॉल्व्ह लागतो. काही बॉयलरमध्ये तो आतच असतो, मॅन्युअल बघा. झोन फार छोटाही करू नका. 2 किलोवॉटचे रेडिएटर आणि बॉयलरची किमान क्षमता 6 किलोवॉट असेल तर बॉयलर सारखा पेटतो-विझतो.

शेवटी सिस्टिममध्ये पुन्हा पाणी भरताना इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) विसरू नका. बॉयलरचं कव्हर उघडायचं काम मात्र गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.