अकरा बेटांची यादी आणि सेशेल्सचा वारा

शीड आणि दोर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : ताई, आमचे हे मार्चअखेर निवृत्त होतायत. त्यानिमित्त मे महिन्यात सेशेल्सला आठवडाभर शिडाची बोट ठरवली आहे. चाळीस फुटी कॅटमरान, सोबत तिथलाच कप्तान. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. ह्यांनी आत्तापासून तासातासाचं वेळापत्रक केलंय आणि त्यात अकरा बेटं आहेत. घरात दुसरा विषय नाही. मला मात्र मांडव्याच्या बोटीतसुद्धा मळमळतं. सात दिवस निभावतील का? सामान काय न्यायचं? आणि आम्ही शाकाहारी, तिथे जेवायचं काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी वेळापत्रकाचं बोलू, कारण तुमची निम्मी मळमळ त्यातूनच येणार आहे.

सेशेल्सला भाड्याच्या बोटी रात्री हाकारत नाहीत. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने साडेसहाच्या आत-बाहेर सूर्य बुडतो आणि संधिप्रकाश आपल्याकडच्यासारखा रेंगाळत नाही. पण खरी घाई त्याच्याही आधीची असते. नांगर टाकायच्या जागी प्रवाळ कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं आणि ते ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच दिसतं. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर उभं राहिलं की फिकट हिरवटनिळं दिसेल ती वाळू, तपकिरी डाग दिसतील तो प्रवाळ. सूर्य समोर उतरला की सगळं पाणी एकसारखं चकाकतं आणि वाळू कुठली, दगड कुठला काही कळत नाही. म्हणून शहाणा कप्तान चारच्या सुमाराला नांगर टाकून मोकळा होतो.

आता हिशेब करा. शिडावर बोटीचा वेग पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल धरला तर तासाला साधारण नऊ किलोमीटर. माहेपासून (सेशेल्सचं मुख्य बेट, केरळाजवळचं माहे नव्हे) प्रालँ बेट पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सकाळी निघालात तर दुपारचं जेवण भर समुद्रात. एक दिवस गेला तो असा. अकरा बेटं करायची तर शिडं गुंडाळून सात दिवस डिझेलचं इंजिन ऐकत बसावं लागेल, आणि त्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे?

माझं ऐका आणि यादी निम्म्याहून कमी करा. पहिल्या रात्री माहेसमोरच्या सेंट ॲन सागरी उद्यानात, मग प्रालँ, क्युरिअस, ला दीग. जमलं तर वाटेत अर्धा दिवस कझँ. हे पुष्कळ झालं. प्रालँहून ला दीग एखाद्या तासावर आहे, क्युरिअस तर प्रालँच्या समोरच. तिथे एकेका ठिकाणी दोन दोन रात्री राहा. मी माहेला काही हंगाम भाड्याच्या बोटींवर स्वयंपाक आणि दोर असं दोन्ही सांभाळलं. परत येऊन आनंदाने बोलणारी माणसं बहुतेक दोन रात्री राहणाऱ्यांतलीच असायची.

मळमळीचं सांगते. मांडव्याची बोट म्हणजे बंद केबिन, डिझेलचा वास आणि खिडकीतून हलणारं पाणी. तिथे ज्यांना त्रास होतो त्यांना शिडाच्या बोटीवर होईलच असं नाही. कॅटमरान म्हणजे शेजारी शेजारी जोडलेले दोन सांगाडे, ती एका अंगावर कलत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. प्रालँ माहेच्या ईशान्येला आहे आणि मेमध्ये वारा आग्नेयेकडून असतो, म्हणजे जातायेताना दोन्ही वेळा तो आडवा येतो. शिडाला याहून चांगला वारा नाही. लाटही मात्र आडवीच येते आणि बोट डुलते. माहे–प्रालँचे ते दोन प्रवास सोडले तर बाकीच्या दिवशी तुम्ही आडोशालाच असाल.

त्या दोन दिवशी आत केबिनमध्ये जाऊ नका, पुस्तक-मोबाइल उघडू नका, क्षितिजाकडे बघा. कप्तानाला विनंती करून थोडा वेळ सुकाणूचं चक्र हातात घ्या. सुकाणू धरणाऱ्याला क्वचितच मळमळतं, कारण पुढची लाट त्याला आधी दिसते. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. कुठली ते डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. रिकाम्या पोटी निघू नका, पण कांदेपोह्यांची दुसरी ताटली नको.

मे निवडलात ते बरं केलंत. तेव्हा आग्नेय वारा नुकता धरलेला असतो, जुलै-ऑगस्टइतका तो झोंबत नाही. प्रालँच्या वायव्य टोकाला आन्स लाझिओ नावाची पुळण आहे, ती या मोसमात आडोशाला येते. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा असतो आणि तिथेच लाट थेट आत शिरते, झोपेचं खोबरं होतं. नांगर टाकला की ह्यांना पाण्याचा चष्मा देऊन खाली बघायला पाठवा. नांगर वाळूत रुतलाय का, साखळी प्रवाळावर घासत नाही ना. पाच मीटर पाणी असेल तर पंचवीस मीटरच्या आसपास साखळी सोडलेली हवी. मग किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खडक एका ओळीत धरून ठेवायचा. अर्ध्या तासानं ओळ मोडली असेल तर नांगर घसरतोय, किंवा वाऱ्याने बोट फिरली आहे. निवृत्त माणसाला हे काम फार आवडतं, अनुभव आहे.

नातीसाठी क्युरिअस. आल्डाब्रा जातीची महाकाय कासवं तिथे मोकळी फिरतात आणि मान खाजवून घ्यायला पुढे करतात. एकोणिसाव्या शतकात तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती, तिथल्या डॉक्टरांचं लाकडी घर अजून उभं आहे. कझँला आपली होडी लावता येत नाही. उंदीर किंवा घुशी चुकून उतरू नयेत म्हणून बेटाचे रखवालदार स्वतःच्या होडीतून न्यायला येतात. सेशेल्स वार्बलर नावाचा लहानसा पक्षी तिशीच्या आत उरला होता, तेव्हा १९६८ मध्ये त्याच्यासाठी हे बेट विकत घेतलं गेलं. आज तो इतर बेटांवरही नांदतोय.

आणि प्रालँचं व्हाले द मे हे जंगल अजिबात चुकवू नका. १९८३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. जुन्या फकिरांच्या हातात काळं, होडीच्या आकाराचं कटोरं असायचं, आठवतंय? ते ज्याच्या करवंटीचं, तो दर्याचा नारळ तिथल्या झाडांना लागतो. जगातली सगळ्यांत मोठी बी, पंधरा किलोंच्या वर भरू शकते. ताजं फळ पाण्यात तरंगत नाही. आतून कुजून पोकळ झालेलं मात्र वाहत मालदीवपर्यंत आणि आपल्या किनाऱ्यापर्यंत यायचं. झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते समुद्राच्या तळाशी उगवतं असं लोक धरून चालले. शास्त्रीय नावातसुद्धा अजून मालदीवच आहे. तिथे विकत घ्यायचा मोह झाला तर परवान्याचा कागद असल्याशिवाय घेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

सामान : चाकाच्या कडक बॅगा नकोत, त्या ठेवायला बोटीवर जागाच नसते. घडी होणाऱ्या कापडी पिशव्या न्या. चपला-बूट डेकवर चालत नाहीत, सगळे अनवाणी. लांब बाह्यांचे सुती कपडे, टोपी, आणि टोपीला नाडी.

जेवणाचा धसका घेऊ नका. व्हिक्टोरियाच्या (माहेवरची राजधानी) बाजारात केळी, नारळ, मिरच्या, दालचिनी आणि नीरफणस मिळतो. हो, आपलाच कोकणातला नीरफणस, त्याचे काप घालायचे. डाळ-तांदूळही मिळतात. पालेभाजी मात्र महाग, बरीचशी बाहेरून येते. इथून मेतकूट, भाजणी, मसाले, पोहे असं कोरडं, सीलबंद न्या. ताजी फळं-भाज्या, बिया, रोपं अजिबात नकोत. एक छोटा कुकर जरूर न्या, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं.

गॅसवरून आठवलं, हे सुनेलाही वाचून दाखवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकीतून निदान थोडा जातो, बोटीत तो तळाच्या पोकळीत जाऊन साठतो. म्हणून स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण तर बंद करायचंच, पण सिलिंडरकडची झडपही बंद करायची. दर वेळी, चहा केला तरी. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. टाकीतलं पाणी घरच्यासारखं वापरलंत तर तिसऱ्या दिवशी धक्क्याला जावं लागेल.

तोवर वाट बघायचे महिने आहेतच. वेळापत्रक भिंतीवरून काढा आणि तिथे त्या बेटांचा सागरी नकाशा लावा. नातीला बोलाइन गाठ शिकवा, ओढली तरी फास आवळत नाही आणि नंतर सहज सुटते. ह्यांना एखाद्या रविवारी गेटवेसमोर शिडाच्या होडीवर पाठवा. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायचं असेल तर मुंबईची सवय सोडावी लागेल. इथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, माहेला दोन मीटरच्या आतच. आणि तिकडे ध्रुव दिसत नाही, तो क्षितिजाखाली जातो. मेच्या संध्याकाळी दक्षिणेला त्रिशंकू चांगला वर आलेला असेल, मित्र आणि मित्रक हे तारे त्याच्या शेजारी. नातीला हे आधी सांगू नका, तिला शोधू दे.

प्रश्न : आमच्याकडे जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. मामा म्हणतो, सेशेल्सला त्याच महिन्यांत शिडासाठी मस्त वारा असतो. दोन्ही एकाच समुद्रात, मग असं कसं? – नववीतला विद्यार्थी, कुडाळ

उत्तर : मामा बरोबर सांगतो. आणि गंमत म्हणजे वारा एकच आहे, बाबू!

जून ते सप्टेंबर दक्षिण हिंदी महासागरातून आग्नेय वारे निघतात. पृथ्वी फिरते म्हणून दक्षिण गोलार्धात वारा डावीकडे वळतो आणि उत्तर गोलार्धात उजवीकडे. हे वारे सेशेल्सवरून वायव्येला जातात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि सोमालियापाशी उजवीकडे वळून आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतात. वाटेत अरबी समुद्राची वाफ उचलतात. माहेला तो वारा बराच कोरडा असतो, पंधरा-वीस नॉटचा, शिडाला हवा तसा. तोच कुडाळला पोचेपर्यंत सह्याद्रीला धडकायला तयार असतो आणि वेंगुर्ला-मालवणच्या खाड्यांच्या तोंडाशी लाटा फुटायला लागतात. शाळेत नकाशा असेल तर त्यावर बोट फिरवून बघ, वळण लगेच सापडेल.

तिथे वादळं का येत नाहीत, हेही तू विचारशीलच. माहे, प्रालँ ही ग्रॅनाइटची बेटं विषुववृत्तापासून चार-पाच अंशांवर आहेत. इतक्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा तो वळवणारा जोर फारच कमी पडतो आणि चक्रीवादळाला गिरकी धरता येत नाही. सेशेल्सची दक्षिणेकडची दूरची बेटं मात्र सुटत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये फंटाला वादळाने फार्कार बेटांची दैना केली.

प्रश्न : लग्नानंतर लगेच आम्ही दोघं अशाच बोटीवर जाणार आहोत. बायको दिवस मोजतेय. मला पोहता येत नाही, हे कप्तानाला सांगू का, की लाज वाटून घेऊ नये म्हणून गप्प बसू? – एक वाचक, पुणे

उत्तर : सांगा, बोटीवर पाय ठेवायच्या आधी. त्याला कळलं की तो जाकीट तुमच्या मापाचं काढून ठेवेल आणि छोट्या होडीत बसताना हात देईल. बहुतेक माणसं पडतात ती तिथेच, मोठ्या बोटीतून छोटीत उतरताना.

ला दीगला आन्स सूर्स दार्जाँची पुळण प्रवाळाच्या आत आहे, भरतीलाही पाणी फार खोल नसतं. जाकीट घालून तिथे खुशाल उतरा. त्याच बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या ग्राँद आन्सला फक्त फोटो काढा, तिथल्या ओढीत चांगले पोहणारेही फसतात.

अजून वेळ आहे, तर शिकूनच घ्या. निदान पाठीवर तरंगायला. मग पाऊस लागायच्या आत एकदा तारकर्लीला जाऊन नळी तोंडात धरून श्वास घ्यायची सवय करा. बायकोला पोहता येतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत असलं तरी तिच्याकडून शिकू नका, तलावावर पैसे भरून शिका. लग्न नवीन आहे.