शेपटी फुटलेले लघुग्रह : वाचकांचे प्रश्न

तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येताहेत, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

शेपटी आहे म्हणजे धूमकेतूच ना? मग लघुग्रह का म्हणता?

कक्षेमुळे. 1979 साली टिपला गेलेला एल्स्ट-पिझारो मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात फिरतो. 1996 साली त्याला शेपटी दिसली. आज तो लघुग्रह क्रमांक 7968 आहे आणि धूमकेतू 133पीसुद्धा.

म्हणजे त्यावर बर्फ असणार?

एल्स्ट-पिझारोवर बहुधा आहे, कारण सूर्याच्या जवळ आला की त्याची शेपटी पुन्हा उगवते. त्याच पट्ट्यातल्या 238पी रीड या धूमकेतूभोवती तर वेब अवकाश दुर्बिणीला पाण्याची वाफच सापडली. पण सगळ्यांना हाच न्याय लावू नका. शीला या लघुग्रहावर 2010 मध्ये काहीतरी येऊन आदळलं. गॉल्ट हा लघुग्रह इतका गरगरतो की अंगावरची धूळ उधळतो. फेथॉन या लघुग्रहाची शेपटी सोडियमची निघाली. एका फोटोवरून कारण सांगणाऱ्याला आधी वर्णपट (प्रकाशाची रंगवार फोड) मागा.

'675 पट' दाखवणारी 3 इंची दुर्बीण घेतोय. यातून दिसतील का?

नाही. 3 इंचांना दीडशे पटींपुढे अंधुक ठिपका फक्त आणखी अंधुक होतो. खोक्यावरचा आकडा विकण्यासाठी असतो. तिच्यातून फार तर बाराव्या प्रतीपर्यंत दिसेल (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका ठिपका मंद). गॉल्ट अठराव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे त्याहून सुमारे 250 पट मंद. पैसे देण्याआधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ या हौशी निरीक्षकांच्या संस्थांमधल्या जाणत्यांना विचारा.

दोन महिन्यांपूर्वीच्या माझ्या फोटोत एका लघुग्रहाला शेपटी दिसते. समूहावर टाकला, खूप लाइक्स आले. आता काय करू?

दोन महिने! असं पत्र आलं की माझा चहा गार होतो. आधी कोपऱ्यातले तारे बघा. त्यांनाही त्याच बाजूला शेपट्या असतील तर दोष भिंगाचा. मग त्या जागेचं जुनं चित्र काढा. मागे एखादी फिकट दीर्घिका निघते. फ्रेम ताऱ्यांवर जुळवून एकत्र केल्या असतील तर लघुग्रह स्वतःच रेघ ओढतो, आणि तिला शेपटी म्हणणारे दर महिन्याला भेटतात. खरी परीक्षा दुसऱ्या रात्रीची : लघुग्रह सरकतो, शेपटी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. तुम्ही ती रात्र घालवलीत. गॉल्टचंच बघा. 2019 च्या जानेवारीत शेपटी लक्षात आली, मग हबलपासून लडाखमधल्या हानलेच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीपर्यंत सगळे त्याच्याकडे वळले. नंतर जुनी चित्रं चाळली, तर 2013 पासून तो धूळ उडवतच होता! कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा मूळ फाइली वेळेसकट जपा, रंग चढवलेला जेपेग नको, आणि आजच एखाद्या अनुभवी निरीक्षकाला दाखवा. त्याने होकार दिला तरच लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे नोंद पाठवा.

शेपटीवाला लघुग्रह पृथ्वीवर आदळणार, असा फॉरवर्ड आलाय.

लघुग्रहाचं नाव आहे त्यात? नसेल तर पुसून टाका. असेल तर त्याची कक्षा खगोल मंडळात विचारा, काकांना नको.