बंधनऊर्जा ‘मुक्त होते’ का?

प्रश्न असा आहे: ‘युरेनियमचं अणुकेंद्र फुटलं की बंधनऊर्जा मुक्त होते’ असं एके ठिकाणी वाचलं, ‘हायड्रोजनचं हेलियम झालं की बंधनऊर्जा मुक्त होते’ असं दुसरीकडे. जुळलं तरी ऊर्जा, फुटलं तरी ऊर्जा, हे कसं? आणि लोहाची बंधनऊर्जा सर्वांत जास्त असेल, तर लोखंड फोडूनच वीज का करत नाहीत?

दोन्ही वाक्यांचा आशय ठीक आहे, पण ‘बंधनऊर्जा मुक्त होते’ ही शब्दयोजना चुकीची आहे. घोळ समासाच्या विग्रहात आहे. सौरऊर्जा म्हणजे सूर्यापासून मिळणारी, पवनऊर्जा म्हणजे वाऱ्यापासून मिळणारी. त्याच चालीवर आपण बंधनऊर्जा म्हणजे बंधनात कोंडलेली, त्यातून मिळणारी ऊर्जा असं धरून चालतो. खरं तर हा मध्यमपदलोपी समास मानायला हवा: बंधन पूर्ण तोडण्यासाठी लागणारी ऊर्जा. पुरणपोळीत ‘घालून केलेली’ हे शब्द गळतात तरी अर्थ बिघडत नाही. इथे मात्र जे गळलं तेच महत्त्वाचं होतं.

सर्वांत साधं उदाहरण ड्यूटेरॉनचं. त्यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. ते वेगळे करायचे तर २.२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. (यापुढे या एककाला एमईव्ही म्हणतो.) उलट ते दोघे जुळतात तेव्हा तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे बंधनऊर्जा ही अणुकेंद्राकडे *असलेली* ऊर्जा नाही, जुळताना ती निघून गेलेली आहे. विहिरीच्या खोलीसारखं हे. खोली आकड्यात सांगता येते, पण ती विहिरीत साठवलेली नसते. आत पडताना ऊर्जा सुटते, बाहेर यायचं तर घालावी लागते.

निघून गेलेल्या ऊर्जेची खूण वस्तुमानात दिसते, कारण ऊर्जा गेली की तिच्या प्रमाणात वस्तुमानही घटतं (E = mc²). दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे तोलले, तर हेलियमच्या केंद्रापेक्षा सुमारे ०.७५ टक्के जास्त भरतात. १९२० साली ब्रिटिश शास्त्रज्ञ अॅस्टनच्या मोजमापांतून हेलियम चार हायड्रोजनपेक्षा हलकं असल्याचं दिसलं आणि त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने सूर्याचं इंधन हेच असावं असं सुचवलं. या फरकाला काही जण ‘वस्तुमान त्रुटी’ म्हणतात. मला ‘वस्तुमान तूट’ बरं वाटतं, कारण त्रुटी म्हटलं की मोजणाऱ्याचं काही चुकल्यासारखं वाटतं.

आता मूळ कोडं. इथे एकूण बंधनऊर्जा पाहून उपयोग नाही, दर न्यूक्लिऑनमागे किती ते पाहायचं. (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांचं सामाईक नाव न्यूक्लिऑन. मूलद्रव्याच्या नावापुढचा आकडा म्हणजे केंद्रातल्या न्यूक्लिऑनची संख्या.) युरेनियम-२३५ ची एकूण बंधनऊर्जा सुमारे १,७८४ एमईव्ही आणि लोह-५६ ची अवघी ४९२. पण दर न्यूक्लिऑनमागे युरेनियमला ७.६ येतात, लोहाला ८.८. युरेनियम फुटून जे मध्यम आकाराचे तुकडे होतात, त्यांची सरासरी साडेआठच्या आसपास. फरक जेमतेम ०.९, पण तो दोनशेपस्तीस जणांचा, म्हणून दर भंजनाला, म्हणजे केंद्र फुटण्याच्या दर घटनेला, सुमारे २०० एमईव्ही. तुकडे मूळ केंद्रापेक्षा *अधिक* घट्ट बांधलेले असतात, म्हणून ऊर्जा सुटते.

संमीलनातही, म्हणजे केंद्रं जुळतानाही, तेच. ड्यूटेरियमचे (ज्याचं केंद्र म्हणजे वरचा ड्यूटेरॉन) २.२२ आणि ट्रिशियमचे (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) ८.४८ मिळून १०.७. दोन्ही जुळून हेलियम-४ होतं, त्याची बंधनऊर्जा २८.३. उरलेला न्यूट्रॉन मोकळा, त्याची शून्य. वजाबाकी १७.६ एमईव्ही, आणि मिळणारी ऊर्जा नेमकी तेवढीच. आकडा भंजनापेक्षा लहान दिसतो, पण तो फक्त पाच न्यूक्लिऑनमधून आलेला आहे. वजनामागे वजन धरलं तर भंजनाच्या चौपट.

लोखंड मात्र फोडलं तरी तोटा, जोडलं तरी तोटा. न्यूक्लिऑनना धरून ठेवणारं बल फक्त शेजाऱ्यापर्यंत पोचतं. छोट्या केंद्रात बहुतेक न्यूक्लिऑन पृष्ठभागावर असतात आणि त्यांना शेजारी कमी मिळतात, म्हणून बांधणी सैल. केंद्र वाढलं की ही अडचण कमी होते, पण प्रोटॉनांचं परस्पर प्रतिकर्षण वाढत जातं, कारण ते शेजाऱ्यापुरतं नसतं, प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या सगळ्यांना ढकलत असतो. लोह-निकेलच्या आसपास दोन्हींचा मेळ उत्तम बसतो. काटेकोर बोलायचं तर दर न्यूक्लिऑनमागे पहिला मान निकेल-६२ चा आहे, लोह-५६ किंचित मागे. पाठ्यपुस्तकं लोहाचंच नाव घेतात, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

युरेनियमच्या भंजनाचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ लिझ माइटनर आणि तिचा भाचा, तोही भौतिकशास्त्रज्ञ, ओटो फ्रिश यांनी १९३८ च्या नाताळात स्वीडनमधल्या कुंगेल्व्ह गावी केला. प्रोटॉनांच्या प्रतिकर्षणातून तुकड्यांना २०० एमईव्ही मिळायला हवेत, आणि वस्तुमानाची तूट प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजेही साधारण तेवढेच. जीवशास्त्रात पेशी दुभंगते त्यासाठीचा ‘फिशन’ शब्द फ्रिशने नंतर उचलला. त्या अर्थाने ‘विभाजन’ जवळचं ठरलं असतं, पण भंजन आणि विखंडन आता रुळले आहेत.

तेव्हा लिहिताना ‘बंधनऊर्जा मुक्त होते’ ऐवजी ‘बंधनऊर्जा वाढते आणि वाढीइतकी ऊर्जा मुक्त होते’ असं लिहावं. एवढं लांब नको असेल तर नुसतं ‘ऊर्जा मुक्त होते’ म्हणा.