आधी तुझ्या चार ओळी

नागपूर, रविवार

प्रिय बेटा,

परवा तू जे बोललास ते डोक्यातून जाऊन नाही राहिलं, म्हणून लिहायला बसले. "सिनेमा आवडला होता काकू, पण घरी येईस्तोवर नावडता झाला." मधे काय झालं, तर पार्किंगमध्ये गाडी काढता काढता तू फोन उघडलास, कुणीतरी दोन स्टार दिलेले दिसले, आणि सीताबर्डीपासून त्रिमूर्तीनगरपर्यंत तू स्वतःलाच पटवत आलास की जे आवडलं ते आवडायला नको होतं. वरून मला विचारतोस, माझी टेस्ट खराब आहे का?

टेस्टचं नंतर पाहू. काहून उघडला तू फोन?

सिनेमाचं वेड चांगलं, नजर तयार होते, जग कळतं, हे सगळं मी लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे, नाहीतर एका सिनेमापायी तुझी झोप उडाली नसती. मी एकच सांगणार आहे आणि कंटाळा येईस्तोवर सांगणार आहे. सिनेमा संपला की आधी तुझ्या चार ओळी, मग जगाच्या. क्रम उलटा झाला की हातात येतं ते उष्टं मत. ते कितीही चविष्ट लागलं तरी दुसऱ्याच्या ताटातलं असतं.

आता तुझ्या त्या टक्क्यांचं. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या त्या रॉटन टोमॅटोज वेबसाइटवर ९४ टक्के दिसले की तू १०० पैकी ९४ गुण समजतोस. ते गुण नव्हेत. दर १०० समीक्षकांतल्या ९४ जणांचा कल 'बघायला हरकत नाही' या बाजूला होता, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी मनातल्या मनात दहापैकी साडेसहा दिले तरी आकडा शंभरीला टेकतो. आणि ज्या सिनेमानं निम्म्यांना वेड लावलं न् निम्म्यांना खुर्चीतून उठवलं, तो ५० वर अडकतो. ६० च्या खाली गेला म्हणून त्याच्यावर सडक्या टोमॅटोचा शिक्का बसतो. मला विचारशील तर मी त्या ५० वाल्याचं तिकीट काढीन. पण मला विचारूच नकोस. तेच तर सांगून राहिले.

गुरुवारी रात्री पेड प्रिव्ह्यू, म्हणजे आदल्या रात्रीचा तिकिटाचा खेळ, शुक्रवारी सकाळी कुणीतरी गाडीत बसूनच केलेला 'ब्लॉकबस्टर'चा व्हिडिओ, संध्याकाळी ग्रॉस की नेट यावरून भांडण. ग्रॉसमध्ये कर धरलेला असतो, नेटमध्ये तो वजा झालेला, आणि त्यातून थिएटरवाल्याचा हिस्सा गेल्यावर वितरकाच्या हातात पडतो तो शेअर. ज्याचे पैसे अडकलेत त्यानं हा हिशेब जरूर करावा. त्यांच्या वहीत आपला विदर्भ अजून 'सी. पी. बेरार' सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या त्या इलाख्यात आहे. त्या नावाचा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, धंद्यातून गेला नाही. मला त्या जुन्या नावाचं प्रेम आहे, पण त्या खात्यातला आकडा वाचून तुझ्या मताचा पारा कशाला वरखाली व्हावा? तू काय वितरक आहेस?

या आकड्यांपायी छोटे सिनेमे मात्र तुझ्या हातचे जातात. त्यांना आपल्याकडे एखादाच शो मिळतो, तोही भरदुपारी नाहीतर रात्री उशिरा. सोमवारपर्यंत खुर्च्या भरल्या नाहीत की तोही जातो. "रिव्ह्यू काय येतात पाहू, मग ठरवू" म्हणणारे नेमके यांनाच मुकतात. मोठा हिरो दोन-तीन आठवडे कुठं पळून जात नाही. ज्याला एकच शो आहे तो आधी पाहा.

'कोर्ट' हा मराठी सिनेमा १७ एप्रिल २०१५ ला लागला तेव्हा बाहेरचा गाजावाजा आधीच होऊन गेला होता. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात होरायझन्स विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. आपल्या गावाला कौतुक वेगळंच. त्यात ज्याच्यावर खटला चालतो त्या लोकशाहिराचं काम केलं होतं नागपूरच्या वीरा साथीदारांनी. चळवळीतला माणूस; २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. सिनेमा सुरू झाला आणि ते पडद्यावर आले तशी माझ्या मागच्या रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी शेजारच्याला त्यांना कुठं कुठं पाहिलंय ते सांगत होतं. मी नेहमीसारखी पेन काढून बसलेली. अंधारात लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढतात, नंतर माझ्या मलाच लागत नाहीत, पण त्या दिवशीची शेवटची ओळ स्वच्छ आहे: 'न्यायाधीशाची सुट्टी कशाला?'

तू पाहिला आहेस म्हणून बिनधास्त लिहिते. खटला मागं पडतो, कोर्टाला सुट्ट्या लागतात, आणि सिनेमा त्या न्यायाधीशाबरोबर रिसॉर्टवर जातो. तो बाकड्यावर पेंगतो, पोरं ओरडून त्याला दचकवतात, तो एकाच्या थोबाडीत देतो. हे काय मधेच, म्हणून मी चिडले होते. दोन-तीन दिवस ते बाकडं डोक्यात घेऊन फिरले. मग भाजी निवडताना एकदम लागलं, की ज्याच्या हातात कुणाचा तरी जामीन असतो तो माणूस घरी कसा असतो, हेच दाखवायचं होतं. खटला संपला नव्हताच, फक्त इमारत बदलली होती. पुढं परीक्षणं वाचली. दोघांनी तेच लिहिलं होतं, एकानं माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. मला काही फरक पडला नाही. माझं मला सापडलं होतं. आधी वाचलं असतं तर सिनेमाच्या त्या शेवटाला मी नुसती मान डोलावली असती.

आधी आपल्या चार ओळी, बेटा. 'झुंड'च्या वेळी, २०२२ साली, अख्ख्या नागपूरचं मत सिनेमा यायच्या आधीच तयार होतं. शूटिंग इथलं, ज्यांच्यावरून गोष्ट सुचली ते, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे सर इथले, अमिताभ बच्चन कुठं उतरले होते ते पानठेल्यावर पाठ. लोक थिएटरात जाऊन आपली गल्ली शोधत होते. तेही एक सुखच, त्याला मी नाव ठेवत नाही. पण त्याला सिनेमा पाहिला म्हणू नये.

आता तुझा तो अवॉर्ड सीझन, ज्याच्यापायी तू परीक्षेसारखं वेळापत्रक लावलंस. ऐक. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं २०२५ च्या एप्रिलमध्ये नियम केला की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले नामांकन मिळालेले सगळे सिनेमे सदस्यानं पाहिलेले असले पाहिजेत. म्हणजे तोवर बऱ्याच विभागांत न पाहताही मत देता येत होतं! आणि त्या मतांच्या निकालाच्या भाकितांवर तू रात्री जागवतोस. हा नियम वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. ज्यासाठी मला इथं हटवादी म्हणतात, ते त्यांना नियमात घालावं लागलं.

२०२४ ची भांडणंही आठव. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात त्या वर्षी एका देशाचा एकच सिनेमा जाणार होता, आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियानं निवडला. पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळालेला, पाठवला 'लापता लेडीज'. तुमच्या ग्रुपवर त्या रात्री काय रणकंदन! तूच दाखवलं होतंस मला. अन्याय झाला म्हणून तलवारी उपसणाऱ्यांतल्या किती जणांनी पायल कपाडियाचा सिनेमा पाहिला होता? सप्टेंबरातली गोष्ट, सिनेमा आपल्याकडे सगळीकडे लागला २२ नोव्हेंबरला. बाजू बरोबर असेलही, माझी स्वतःचीही ती आहे, पण मी ती डिसेंबरात घेतली.

राष्ट्रीय पुरस्कारांचा चष्मा तर आणखी उशिरा लागतो. २०२३ च्या सिनेमांचे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले. 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे यांना पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. सिनेमा लागला होता ऑक्टोबर २०२३ मध्ये. यादीची वाट पाहत बसलेल्यांना तो थिएटरात कसा सापडावा? याद्या वाचाव्या, मीही वाचते. पाहून झालेल्यांवर खूण करायला आणि राहिलेले हुडकायला त्या फार कामाच्या. मत बनवायला नाही.

तुला वाटत असेल, काकूंना रिकामा वेळ आहे. नाही रे. याची किंमत मोजली आहे. एका दैनिकात माझं सदर होतं, नाव सांगत नाही. जानकी, पंचशील, लिबर्टी, जिथं सिनेमा असेल तिथं मी सहा ते नऊच्या खेळाला तिकीट काढून जायची, रविवारी लिहायची, मंगळवारी छापून यायचं. मग तिथं नवे साहेब आले. त्यांना शुक्रवारी सकाळी स्टार हवे होते. निर्मात्याकडून कथासार येतं, फोटो येतात, तेवढ्यावर लिहा म्हणाले. मंगळवारी कोण वाचतं? मी म्हटलं, न पाहिलेल्याला स्टार देणार नाही. तेही हटले नाहीत, मीही नाही. सदर बंद झालं, त्या जागी पाककृती आल्या. (पाककृती चांगल्या होत्या, मी करून पाहिल्या.)

वाईट वाटतं का? वाटतं. फार वाटतं. कामठीहून एक वाचक मला पोस्टकार्ड लिहायचे, निळ्या शाईत, कोपऱ्यापर्यंत ठासून. "मॅडम, मध्यंतरानंतर तुम्ही झोपल्या होत्या काय?" अशी सुरुवात. दर वेळी भांडण, आणि दर वेळी मला कार्ड घेऊन खुर्चीत बसावं लागे, कारण माणसानं सिनेमा खरंच पाहिलेला असायचा. सदर गेलं, कार्डंही थांबली. त्यांची भेट राहून गेली. थोडं नमतं घेतलं असतंस तर एवढी वर्षं लिहिती राहिली असतीस, असं घरचे म्हणायचे. असेन. पण मी कथासारावर लिहिलं असतं तर त्या माणसानं भांडायचं कुणाशी? निर्मात्याच्या कागदाशी? नाही बापा, तेव्हा जे केलं तेच आजही करीन.

हे सगळं तुला ऐकवायचं नव्हतं, ऐकवून गेले. तुझ्या कामाचं एवढंच. थिएटरात शिरताना फोन बंद, आणि घरी पोचून हातपाय धुवून होईपर्यंत बंदच. मग चार ओळी. गोष्ट लिहू नकोस, ती विकिपीडियावर मिळते. कुठं पॉपकॉर्नवरचा हात थांबला, कुठं घड्याळ पाहिलंस, कोणतं माणूस खोटं वाटलं, काय कळलं नाही, ते लिही. तिकिटावर नको, थर्मल कागद असतो, काही महिन्यांत कोरा होतो. वही घे. त्यानंतर दोघा-तिघांची परीक्षणं नीट, शेवटपर्यंत वाच, आणि त्यात एक असा असू दे ज्याच्याशी तुझं कधीच पटत नाही. मत बदललं तर बदलू दे. फक्त ते वेगळ्या शाईनं लिही, म्हणजे तुझं कुठं संपलं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं ते दिसेल.

पुरं पडायचं म्हणशील, तर कुणीच पडत नाही. दर शुक्रवारी लागणारे सगळे पाहायला माणूस बेकार हवा न् श्रीमंतही हवा. सोडून दे बिनदिक्कत. "पाहिला नाही" हे दोन शब्द तुमच्या पिढीच्या तोंडून निघतच नाहीत, ते शिक.

आणि हो, रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' पाहिलास का? २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला तोच. पाहिला नसशील तर मिळेल तिथं पाहा आणि चार ओळी पाठव. माझ्या वहीत माझ्या आहेत. त्यांतलं एक वाक्य तुला फार खटकणार आहे, मला माहीत आहे, पण तुझ्या आल्याशिवाय मी माझ्या पाठवणार नाही. फोनवर घुमवून घुमवून विचारलंस तरी नाही.

तुझी,
काकू