गायक राहू द्या, खोक्यांवर लिहा

प्रश्न : मी एका संगीत कंपनीच्या विक्री विभागात नोकरी केली. लागलो तेव्हा एलपीचे, म्हणजे मोठ्या तबकड्यांचे दिवस होते, निवृत्त झालो तेव्हा सीडीही दुकानांतून उठत चालल्या होत्या. आता नातीने मला ब्लॉग काढून दिलाय. तलावपाळीवर सकाळी भेटणारे मित्र म्हणतात, "मोठमोठ्या गायकांवर लिही." पण गायक मी पाहिले ते लांबूनच. माझा संबंध दुकानदार, ऑर्डर-बुक आणि खोक्यांशी. त्यात कोणाला काय रस? शिवाय घरातल्या जुन्या कॅसेटमधली गाणी ब्लॉगवर टाकली तर चालतील का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, मित्रांना चहा जरूर पाजा, पण त्यांचं ऐकू नका. गायकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे एकमेकांचंच उतरवून काढतात. खोक्यांवर लिहिणारं मला तरी कोणी भेटलेलं नाही. (पुठ्ठ्याची खोकी. हल्ली स्पष्ट सांगावं लागतं.)

आता बघा, कॅसेटवरचा गाण्यांचा क्रम आमच्या पिढीच्या डोक्यात असा बसलाय, की एक गाणं संपलं की पुढचं आपोआप ओठांवर येतं. आम्हाला वाटायचं, काय सुंदर मांडणी केलीय! पण त्यात हिशेबही असायचा. दोन्ही बाजू एकाच फितीवर, त्यामुळे फीत कापायची ती मोठ्या बाजूच्या मापाने. 'ए' बाजू २२ मिनिटांची आणि 'बी' १८ची झाली, की 'बी'च्या शेवटी ४ मिनिटं नुसती खरखर. मग एखादं गाणं इकडचं तिकडे जायचं. एलपीचं दुखणं वेगळं. एका बाजूला जास्त मिनिटं कोंबली की खाचा दाटीवाटीने येतात आणि आवाज बारीक ठेवावा लागतो. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीत तर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. गाणं त्यात बसवायचं, नाहीतर अंतरा गाळायचा. तुमच्याकडे ही ओढाताण कोण करायचं? संगीतकाराशी वाद व्हायचे? तुमच्या कानावर काय यायचं? हे सगळं लिहा.

दुकानदारांवर तर लिहाच. गणपतीच्या आरत्यांचा माल कधी निघायचा, न खपलेला परत कसा यायचा, "नवीन काय?" विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला काउंटरवर कोणतं गाणं लावून दाखवायचे, चोरटी कॅसेट नुसत्या इनले कार्डाच्या (डबीतल्या छापील कागदाच्या) छपाईवरून कशी ओळखायची.

साल आठवत नसेल तर अंदाजाने ठोकू नका. लेबलवर किंवा इनले कार्डावर वर्तुळातल्या 'पी'शेजारी बहुतेक वेळा वर्ष छापलेलं असतं. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर फोनला मराठीत सांगत जा, मात्र नंतर नावं तपासा. नावांची तो हमखास वाट लावतो.

राहिली गाणी. ती टाकू नका. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तुमच्या कॅसेटमधली बरीचशी गाणी त्यात सापडतील. शिवाय गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे एखादं मुद्रण मोकळं झालं तरी शब्द-चाल मोकळी झालेली असेलच असं नाही. गाण्याबद्दल लिहिताना एखाद-दोन ओळी दिल्या तर सहसा कायदा आड येत नाही.

स्वतःपुरत्या ऐकायला मात्र त्या कॅसेट बाहेर काढा. आपल्याकडच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, तेव्हा आधी कॅसेटवरच्या पारदर्शक खिडकीतून फीत नीट बघा. पांढरं काही दिसलं तर प्लेअरमध्ये घालू नका, त्यातलं फीत वाचणारं हेडही खराब होईल. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवा आणि मगच वाजवा. मागच्या कडेचे छोटे प्लॅस्टिकचे तुकडे शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसणार नाही.

आणि चोरट्या कॅसेटींचा लेख पहिला लिहा. मला वाचायचाय.