सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घ्या

"ताई, शनिवार आला की माझ्या पोटात गोळा येतो," असं तू लिहिलंस आणि मी चष्मा काढून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. 22 वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या बहिणीला फोनवर म्हटलं होतं. तेही शनिवारच्या हाइकबद्दलच.

वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात सांगते. चार घरांचा ग्रुप दर पंधरा दिवसांनी डोंगरात जातो. हिचा नवरा आणि त्याचे मित्र झपाझप पुढे निघून जातात. ही, नऊ वर्षांची लेक आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई मागे उरतात. "आम्ही पोहोचेपर्यंत त्यांचे फोटो काढून झालेले असतात. आम्ही आलो की लगेच निघतात. आणि परतताना गाडीत भांडण, तीन तासांच्या ट्रेलला पाच तास लागले म्हणून." पुढे बूट, सासूबाईंचे गुडघे, मैत्रिणीचा कुत्रा, शुक्रवारी रात्री ठरणारे बेत, असं बरंच विचारलंयस. पण तुझं खरं दुखणं मधल्याच वाक्यात आहे: "आम्ही आलो की लगेच निघतात."

तिथे काय होतं ते नीट बघ. पुढची मंडळी ओंडक्यावर बसलेली असतात. दहा मिनिटांत त्यांचा श्वास बसतो, पाणी पिऊन होतं, बाटलीचं झाकण लागतं. तेवढ्यात तू धापा टाकत वळणावर दिसतेस आणि कोणीतरी प्रेमानेच म्हणतं, "आलात? चला!" म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं मिळाली आणि जिला होती तिला शून्य. दिवसातून असे पाच थांबे झाले, तर पुढच्यांची जवळजवळ तासभर विश्रांती झाली आणि तू सलग चालत राहिलीस. मग तू आणखी मागे पडतेस आणि सगळ्यांना वाटतं, हिला सवय नाही.

म्हणून माझं सांगणं एकच, आणि ते मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक घरात सांगत आलेय: सर्वांत हळू चालणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवा. त्याच्या पावलाने सगळ्यांनी चालायचं. चालताना त्याला सलग दोन वाक्यं बोलता आली, तर वेग बरोबर. धाप लागून शब्द तुटायला लागले, तर वेग जास्त. आणि थांबल्यावर उठायची वेळ ठरवायची ती शेवटी आलेल्याने. त्याने "चला" म्हटल्याशिवाय कोणी सॅक उचलायची नाही.

आमच्याकडे हे सहज झालेलं नाही. आमचे हे कॉलेजातले पट्टीचे ट्रेकर, दम खाणं त्यांना माहीतच नव्हतं. एका शनिवारी मी आणि आठ वर्षांची लेक मागे पडलो, एका फाट्यावर डावीकडे वळलो आणि चुकलो. पाण्याची बाटली ह्यांच्या सॅकमध्ये, लेकीचं जाकीट ह्यांच्या सॅकमध्ये, फोनला रेंज नाही. चाळीस मिनिटं आम्ही झाडीत हाका मारत होतो. तिने माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं, की संध्याकाळपर्यंत अंगठीचा वळ गेला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या. प्रत्येक फाट्यावर सगळे जमल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. आणि पाणी, जाकीट, शिट्टी ज्याची त्याच्या पाठीवर, लहान मुलांच्यासुद्धा. शिट्टीची खूणही शिकवून ठेव: मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं.

आता त्या तीन तासांबद्दल. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशेब मांडला, तो आजही वापरतात. साधारण 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. तू लिहिलेला ट्रेल 10 किलोमीटरचा आणि 600 मीटर चढाचा आहे, म्हणजे बरोबर तीन तास. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, तोही कुठेही न थांबता. त्यात नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि थांबे धरले तर पाच तास अगदी रास्त आहेत. तुम्ही उशीर केलाच नाही गं, वेळ चुकीची धरली होती. हे नवऱ्याला गाडीत नको, निघण्याआधी घरी नकाशा समोर ठेवून दाखव. परत फिरायची वेळही तेव्हाच ठरवा. शिखर आलं नाही तरी त्या वेळेला मागे वळायचं.

"हळू चालून माझा व्यायाम होत नाही," असं तो म्हणतो ना? आमचेही म्हणायचे. दोन लिटर जादा पाणी आणि सगळ्यांचं जादा सामान त्याच्या पाठीवर दे. तरीही पाय शिवशिवले तर महिन्यातून एक शनिवार मित्रांबरोबर खुशाल जाऊ दे. कुटुंबाची हाइक आणि दोस्तांची हाइक वेगळ्या केल्या आणि आमची भांडणं खरंच थांबली.

थोडं तुलाही बोलते, रागावू नकोस. "मला अजून पाच मिनिटं बसायचंय," हे तू डोंगरावर एकदा तरी मोठ्याने म्हणालीस का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. तिथे गप्प राहतेस आणि गाडीत बोलतेस. इथे आपल्याला नातेवाईक म्हणून ही चार घरंच आहेत, त्यांना दुखवायला जीव धजत नाही, हे मला कळतं. पण बाकीच्या घरांतही कोणीतरी दमतच असेल. तू बसलीस की तीही बसेल. आणि लेकीसमोर "आपण नेहमी मागेच" हे म्हणणं आजपासून बंद.

बाकीचं पटकन. बूट अर्धा नंबर मोठे घे, चालून पाय सुजतात आणि उतारावर बोटं पुढे आपटतात. सासूबाईंना चढापेक्षा उतार जड जातो, मांडीचे स्नायू तेव्हा ताणले जात असतानाच भार पेलतात. म्हणून त्यांचे पाय रविवार-सोमवारी जास्त दुखतात. त्यांना दोन काठ्या दे, उतारावर काठ्या थोड्या लांब करायच्या. गुडघा सुजत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव. कुत्र्याचं त्या मैत्रिणीशी सरळ बोल, पट्ट्यावर धरायला सांग. बेत गुरुवारीच ठरवा.

येत्या शनिवारी लेकीला सगळ्यांत पुढे चालू दे, तिच्यामागे सासूबाई, नवरा सर्वांत शेवटी. पहिल्या फाट्याशी ती काय म्हणाली ते मला लिहून कळव.