बी-मेसॉनमधली गडबड मिटली, मग लेप्टोक्वार्क मेला का?

मेला नाही, पण बराच वाळलाय. (लेप्टोक्वार्क म्हणजे क्वार्क आणि इलेक्ट्रॉनसारख्या कणांना जोडणारा, अजून न सापडलेला कण.)

बी-मेसॉन या जड, अल्पायुषी कणाचा केऑन हा हलका कण होताना कधी म्युऑनची (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) जोडी बाहेर पडते, कधी इलेक्ट्रॉनची. दर कोटी क्षयांत जेमतेम चार-पाचदा. स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे कणांचा सध्याचा मान्य सिद्धांत, म्हणतं, दोन्हींचं प्रमाण सारखं हवं, म्हणजे गुणोत्तर (म्युऑन भागिले इलेक्ट्रॉन) १. मार्च २०२१ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने ०.८४६ सांगितलं आणि लेप्टोक्वार्क, झेड-प्राइम (आणखी एक काल्पनिक कण) यांवरच्या पेपरांचा पाऊस पडला. डिसेंबर २०२२ मध्ये कळलं, काही पायॉन-केऑन (इलेक्ट्रॉन नसलेले कण) इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. दादरला उतरणारे मोजताना चढणारेही धरले, तसं! गुणोत्तर परत १ च्या आसपास.

तरी म्युऑनवाल्या क्षयांची संख्या आणि कोनांची मांडणी अजून गणिताशी नीट जुळत नाही. इथे इलेक्ट्रॉन आणि म्युऑन दोघांशी सारखाच वागणारा झेड-प्राइम चालेल. माझा संशय मात्र चार्म क्वार्कच्या लूपवर (क्षयात क्षणभर उपजून विरणाऱ्या चार्म क्वार्कवर): त्याचा हिशेब किचकट आणि परिणाम हुबेहूब नव्या कणासारखा.

टाऊ (म्युऑनहूनही जड भाऊ) बाहेर पडणारे क्षय तेवढे अजून अपेक्षेपेक्षा जास्त दिसतात, साधारण ३ सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी, पण पक्का शोध नाही. लेप्टोक्वार्कची खरी आशा तिथेच. जपानच्या बेल-२ प्रयोगात आपल्या कुलाब्याचं टीआयएफआरही आहे, त्यांच्या आकड्यांवर लक्ष ठेवा.